कारणे चौदा, क्रम विचारू नये

नवी मुंबईच्या गावठाणांवर पीएचडी करायची ठरवली आहे ना? मग शीर्षक असे घ्या: 'आगरी-कोळी समाजातील सामाजिक परिवर्तनाचे बहुविध घटक: एक चिकित्सक अभ्यास'. एकच कारण सांगणारा चुकू शकतो. चौदा सांगणाऱ्याला आजवर कोणी पकडलेले नाही.

यादी घणसोली ते बेलापूर रिक्षातच तयार होते: भूसंपादन, शिक्षण, लोकल, खाडीपूल, कारखाने, बाहेरून आलेली वस्ती, टीव्ही, मोबाइल. सगळ्यांना एकाच पंगतीला बसवा आणि सनावळी दूर ठेवा. सिडको (नवी मुंबई वसवणारे सरकारी महामंडळ) १९७०, खाडीपूल १९७३, वाशीला लोकल १९९२ अशी रांग लावली, की आधी काय झाले आणि त्यामुळे पुढे काय, हा प्रश्न वाचकाला पडतो. तो तुम्हाला पडला नव्हता हेही त्याला कळते. त्यातून नवी मुंबईसाठी घेतलेली ९५ गावांची जमीन काही एकाच दिवशी गेली नाही. लवकर गेलेली गावे आणि उशिरा गेलेली गावे समोरासमोर ठेवली, तर जमिनीचा परिणाम रेल्वेच्या परिणामापासून सुटा करता येतो. पण त्यासाठी जुने फेरफार आणि भूसंपादनाचे निवाडे शोधत कचेऱ्यांचे उंबरठे झिजवावे लागतात. त्यापेक्षा गुगल फॉर्म बरा.

नमुना ३८४. ९५ टक्के विश्वासपातळी आणि ५ टक्के चूक धरली की सूत्रातून हाच आकडा पडतो; मोठ्या लोकसंख्येला तो तसाच लागू होतो. अट एकच, निवड यादृच्छिक हवी, म्हणजे गावातल्या प्रत्येकाला निवडले जाण्याची सारखी संधी. ती तुम्ही विसरा. एका ओळखीच्या मुलाला फॉर्म पाठवा, तो त्याच्या क्रिकेटच्या ग्रुपवर टाकेल, तिथून पुढे जाईल. ३८४ उत्तरांपैकी निम्मी एकाच आळीतली आणि बहुतेक तिशीच्या आतली असतील. त्यांना विचारा: 'भूसंपादनापूर्वी गावातील एकोपा कसा होता?' पर्याय पाच, 'अत्यंत चांगला' पासून 'अत्यंत वाईट' पर्यंत. जन्मापूर्वीच्या एकोप्याबद्दल लोक फार ठाम असतात.

आता रिग्रेशन, म्हणजे अनेक घटकांतून प्रत्येकाचा परिणाम वेगळा काढण्याचे गणित. खरी कमाल इथे आहे, तेव्हा घाई करू नका. वीस चल (मोजायचे घटक) टाका, ०.०५ ची कसोटी, म्हणजे विसात एकदा चुकण्याची मुभा, लावली की ज्यांचा काही संबंध नाही अशा विसांतला सरासरी एक योगायोगानेच 'लक्षणीय' ठरतो. तोच निष्कर्षाच्या प्रकरणात वर घ्या. मग एकाच समीकरणात 'जमीन गेली' आणि 'भाड्याचे उत्पन्न' शेजारी शेजारी बसवा. भातशेती गेली म्हणून गावठाणात गरजेपोटी मजले चढले, मजले चढले म्हणून भाडेकरू आले, म्हणजे भाडे हे जमीन जाण्याचेच पुढचे पाऊल. पण संगणकाला ते सांगायचे नसते. तो भाडे 'स्थिर' धरतो, भाड्याच्या वाटेने आलेला जमिनीचा परिणाम भाड्याच्याच खात्यात जमा होतो, आणि भूसंपादनाचा गुणांक (परिणामाचा आकडा) शून्याजवळ येऊन बसतो. तुम्ही गंभीर चेहऱ्याने लिहा: 'भूसंपादनाचा प्रभाव सांख्यिकीयदृष्ट्या आढळला नाही.' हे वाक्य कुठल्या कार्यालयात आवडेल हे वेगळे सांगायला नको.

दोन चल एकमेकांना फारच चिकटले, म्हणजे कायम जोडीनेच वर-खाली होऊ लागले, तर गुणांकांची चिन्हे उलटीसुलटी होतात आणि शिक्षणाने साक्षरता घटल्याचेही दिसू शकते. घाबरू नका, तक्ता परिशिष्टात टाका.

आंदोलन मात्र चल म्हणून घेऊ नका. जानेवारी १९८४ मध्ये जासईच्या परिसरात गोळीबार झाला, पाच शेतकरी गेले, शेतकरी नेते दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखालच्या त्या लढ्यातून गेलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्क्यांचे विकसित भूखंड पदरात पडले. म्हणजे ज्यांच्यावर बदल 'झाला' असे तुम्ही लिहिताय, त्यांनी तो काही प्रमाणात घडवलाही. हे पाचबिंदू मोजपट्टीवर बसत नाही. पार्श्वभूमीत एक ओळ पुरे.

तुलनेसाठी जिल्ह्याचे आकडे घ्या, पण नकाशा पाहू नका. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची चौथी फेरी (२०१५-१६) २०११ च्या जनगणनेतल्या जिल्ह्यांवर झाली, म्हणून तिथल्या ठाण्यात जव्हार-मोखाड्याचे आदिवासी तालुकेही आहेत. पाचव्या फेरीत (२०१९-२१) ते तालुके घेऊन पालघर जिल्हा वेगळा. दोन्ही रकाने शेजारी ठेवले, की काही 'सुधारणा' १ ऑगस्ट २०१४ च्या जिल्हा विभाजनानेच करून दिलेली असेल. श्रेय जनजागृतीला द्या.

व्हायवात (तोंडी परीक्षेत) कोणी विचारलेच, की यातले कोणते कारण काढले असते तर हा बदल झाला नसता, तर 'सर्व घटक परस्परपूरक आहेत' म्हणा आणि पाणी प्या.

शेवटी शिफारसी. कारणे चौदा, तर शिफारसी तेरा, प्रत्येकीची सुरुवात 'शासनाने' अशी. भूसंपादनावर शिफारस नको. शेते गेली, तिथे आता नोड, म्हणजे सिडकोची उपनगरे, उभे आहेत आणि तुमचे गाईडही त्यातल्याच एका सोसायटीत राहतात.