तांबडा धूर

जुन्या सोन्याची मोड घेऊन सराफाकडे गेलात की तो वजन करतो, मशिनखाली धरतो, शुद्धतेचा टक्का सांगतो आणि माल 'आत' पाठवतो. मला त्या 'आत'बद्दल लिहायचंय.

आमच्या सांगली जिल्ह्यातल्या विटा-खानापूर-आटपाडीकडच्या माणसाला हे 'आत' म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. प्रत्येक भावकीत कुणी ना कुणी गलाईला आहेच. दुष्काळानं बाहेर काढलेली ही माणसं पार केरळ-तामिळनाडूपासून बिहारपर्यंत पसरली, जुनं सोनं गाळून शुद्ध करायच्या धंद्यात स्थिरावली. गावातले बंगले, देवळांचे जीर्णोद्धार, यात्रेतली कुस्त्यांची बक्षिसं यात त्यांचा मोठा वाटा आहे. त्याचा अभिमान मलाही आहे. माझं शिक्षणही मामांच्या गलाईच्या पैशावर झालं. म्हणूनच हे लिहिताना हात जरा जड झालाय.

दहावीच्या सुट्टीत मी मामांकडे गेलो होतो, तामिळनाडूत. सराफ कट्ट्याच्या मागच्या बोळात, जिना चढून वर, दहा बाय बाराची खोली. त्यातच भट्टी, त्यातच ॲसिड, कोपऱ्यात गुंडाळलेल्या वळकट्या आणि जेवणाचे डबे. खिडकी होती, पण कायम बंद. दोन कारणं. उघडली की शेजारी भांडायला येतात. आणि वारा आला की सोन्याचा कण उडतो. पंखासुद्धा काम चालू असताना बंदच. गलाईवाल्याच्या खोलीतली राख, केर, हात धुतलेलं पाणी, काहीच फेकून देत नाहीत. झारेकरी ते धुऊन त्यातून सोनं काढतो. अशा ठिकाणी हवा बाहेर फेकणारा पंखा लावा म्हणणं म्हणजे तिजोरीला भोक पाडा म्हणण्यासारखं.

काम असं चालतं. मुशीत मोड वितळवायची. सोन्याच्या एका भागाला तीन भाग या हिशेबानं चांदी किंवा तांबं मिसळायचं. ते पाण्यात ओतून दाणे करायचे आणि दाणे नायट्रिक ॲसिडमध्ये उकळायचे. चांदी-तांबं विरघळतं, सोनं तळाला काळपट गाळासारखं उरतं. तो गाळ धुवायचा, टाकणखार घालून परत वितळवायचा, की लगड तयार. बघायला सुंदर असतं, खरंच. त्या घाणेरड्या गाळातून पिवळंधमक सोनं उगवताना मी तोंड उघडं टाकून बघत बसलो होतो.

तोंड उघडं होतं ते बरं नव्हतं. दाणे ॲसिडमध्ये पडले की तांबडा-तपकिरी धूर उठतो. हवेपेक्षा जड, भांड्याच्या काठावरून सांडून टेबलावर पसरणारा. मामा तोंडाला रुमाल बांधून त्यावर वाकलेले. मला खोकला आला तर म्हणाले, "काय हुत न्हाई, सवय हुती." आणि गुळाचा खडा हातावर ठेवला.

तो धूर म्हणजे नायट्रोजन डायऑक्साइड. मी आता ज्युनिअर कॉलेजात केमिस्ट्री शिकवतो. तांब्याचा चिमूटभर कीस आणि परीक्षानळीत थोडंसं नायट्रिक, एवढ्याशा प्रयोगाला आम्ही फ्यूम हूडमध्ये, म्हणजे धूर बाहेर ओढणाऱ्या काचेच्या कपाटाकडे जातो, काच खाली ओढतो आणि पंखा चालू आहे ना ते दोनदा बघतो. मामांच्या खोलीत तेच, फक्त लिटरच्या हिशेबात. नोकरीच्या पहिल्या वर्षी प्रात्यक्षिक घेताना तो तांबडा रंग दिसला आणि मी पोरांना पुढचं सांगायचं विसरून तसाच उभा राहिलो.

या वायूची खोड वाईट आहे. अमोनिया कसा, नाकात गेल्या गेल्या माणसाला पळवून लावतो. हा पाण्यात कमी विरघळतो, त्यामुळे नाकात-घशात फारसा अडत नाही आणि थेट फुप्फुसाच्या टोकापर्यंत उतरतो. डोळे चुरचुरतात, थोडा खोकला येतो, मग माणूस जेवतो, झोपतो. काही तासांनी, कधी रात्री उशिरा, फुप्फुसात पाणी भरायला लागतं. त्यातून वाचला तर दोन-चार आठवड्यांनी बारीक श्वासनलिकाच आकसू शकतात.

मामांना तेच झालं होतं. घरी सांगितलं होतं 'न्यूमोनिया झालाय'. रात्री दोनला उठून बसले, श्वास घेता येईना, ओठ निळे पडले. दवाखान्यात क्ष-किरण झाला, औषधं झाली, टीबीची तपासणीही झाली. संध्याकाळी बंद खोलीत तुम्ही काय करत होता, हे कुणीच विचारलं नाही. रामाझिनी नावाच्या इटालियन वैद्यानं १७०० साली डॉक्टरांना बजावलं होतं, की रोग्याला त्याचा धंदाही विचारा.

दुसरी गोष्ट केडीएमची. ही मला फार उशिरा कळली आणि कळल्यावर राग आला. 'केडीएम दागिना' म्हणजे चोख, असं आपण आयांकडून ऐकत आलो. केडीएम म्हणजे कॅडमियमचा डाग, दागिन्याचे सांधे जोडायला वितळवून लावतात तो. पूर्वी तांबं-चांदीचा डाग द्यायचे. दागिना गाळला की तो सोन्यात मिसळायचा आणि टक्का उतरायचा. कॅडमियमचा डाग दिला की टक्का टिकतो. का टिकतो? सोनं १०६४ अंशांना वितळतं आणि कॅडमियम ७६७ अंशांनाच उकळतं. सोन्याचं पाणी होईतो कॅडमियम बरंचसं धूर होऊन उडालेलं असतं. कुठं उडालेलं असतं, ते त्या बंद खिडकीला विचारा. दागिना घालणाऱ्याला धोका नाही. तो डाग देणाऱ्याला आहे आणि गाळणाऱ्याला आहे. कॅडमियमनं फुप्फुसाचा कॅन्सर होतो, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेनं मान्य केलेलं आहे. मूत्रपिंडात साठलेलं कॅडमियम निम्मं व्हायलाच १० ते ३० वर्षं लागतात. हॉलमार्कच्या नियमांत आता कॅडमियमला जागा नाही, पण आपल्या आयांच्या, सासवांच्या डब्यांतले केडीएमचे डाग अजून मोडीत निघतायत आणि ते आमच्या माणसांच्या मुशीत येतायत.

कायदा म्हणाल तर आहे. जुन्या कारखाना कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत नायट्रोजन डायऑक्साइडची आठ तासांची मर्यादा होती, हवेच्या दहा लाख भागांत ३ भाग. अमेरिकेतल्या औद्योगिक आरोग्यतज्ज्ञांच्या संघटनेची शिफारस ०.२ ची आहे. पण हे सगळं 'कारखान्या'ला. १९४८च्या मूळ कायद्यात वीज असेल तर किमान १० कामगार लागायचे, पुढं हा आकडा आणखी वाढला. मामांच्या खोलीत माणसं तीन. मामा, भाचा आणि गावाकडून आणलेला एक पोरगा. सोन्याचा टक्का दशांशापर्यंत मोजणारं मशीन शेजारच्या गाळ्यात आहे. हवा मोजणारं मी तरी एकाही खोलीत पाहिलेलं नाही.

'मास्क लावा की' म्हणणाऱ्यांसाठी: रुमाल या वायूला काहीच करत नाही. एन-९५ कण अडवतो, वायू अडवत नाही. गूळ गोड लागतो, एवढंच. लागतं ते भांड्यावर बसणारं हूड, धूर ओढणारा पंखा आणि कॉस्टिक सोड्याच्या पाण्यातून तो धूर धुऊन काढणारा स्क्रबर. खर्च आहे, पण एका लगडीच्या किमतीपुढं तो किती? सोन्याचा कण उडेल ही भीतीही खोटी. उकळताना सोनं ॲसिडच्या तळाशी बसलेलं असतं, उडतो तो फक्त वायू. झारेकऱ्याचं काही बुडत नाही.

माझं म्हणणं आमच्याच लोकांना आहे. दिवाळीला आणि यात्रेला सगळे गलाईवाले गावी येतात. रक्तदान होतं, डोळे तपासतात, सत्कारांना तर सुमारच नसतो. त्याच मांडवात एक टेबल फुंकून फुप्फुसाची ताकद मोजायच्या यंत्राचं लावा. लघवीतलं कॅडमियम तपासायला नमुने पाठवा. फेटे थोडे कमी बांधले तर चालतील. आणि मुंबई-पुण्याच्या सराफांनी घडणावळीच्या बिलात एवढं काय काय लावलंय, तर गाळणाऱ्याच्या खोलीतल्या पंख्याचा खर्चही लावावा. मी गिऱ्हाईक म्हणून देईन.

मामा आता गावी असतात. जिना चढताना मधल्या पायरीवर थांबतात आणि भिंतीवरचं कॅलेंडर बघितल्यासारखं करतात. दुकान मामेभाऊ बघतो. दोन वर्षं त्याच्या मागं लागलो होतो, गेल्या महिन्यात त्यानं व्हिडिओ पाठवला. हूड बसवलंय, पंखा जोरात फिरतोय, तांबडा धूर सरळ पाइपात जातोय. पाइपाचं तोंड शेजारच्या गच्चीकडं, बरोबर वाळत घातलेल्या कपड्यांवर. स्क्रबरचं काय, असं विचारलं तर म्हणाला, "दादा, लग्नसराई होऊ दे. मग बघू."