नंबरच नाही, तर तक्रार कुणाची करायची?

बडोद्यात दांडिया बाजारातून रावपुऱ्याकडे पायी निघालं की मागून आवाज न करता स्कूटर अंगावर येते. चालवणारं पोर आठवी-नववीतलं, मागे दोघं, हेल्मेट नाही, नंबर प्लेट नाही. पालकांना हटकलं तर ठरलेलं उत्तर, "अहो, बॅटरीची आहे, लायसन्स लागत नाही."

लागत नाही, पण केव्हा? केंद्रीय मोटार वाहन नियमांत लिहिलंय: मोटर २५० वॅटच्या आत, वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत, बॅटरी सोडून वजन ६० किलोच्या आत, तरच सूट. इथे काही दुकानदार विकतानाच वेगाची मर्यादा काढून देतात! मग नोंदणी, विमा, लायसन्स सगळंच लागू झालं की. शेजारच्या काकूंना अशाच एका गाडीने उडवलं, मनगट मोडलं. चौकीत पहिला प्रश्न, गाडीचा नंबर काय? काय सांगणार त्या? भरपाई मागायची तर विमाही नाही.

बॅटरीच्या गाड्यांना माझा विरोध नाही, धूर कुणालाच नकोय. पण रस्त्यावर धावणाऱ्या प्रत्येक स्कूटरला नंबर द्या, आणि पोरांना पकडण्याआधी वेग वाढवून देणाऱ्या दुकानांना टाळं लावा.