‘वायरिंग साफ करायला दिलं, गाडीच बंद पडली’ या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार सर,

तुम्ही एक स्टार दिलात आणि चार तक्रारी लिहिल्यात. 18,500 रुपये घेऊन ओरिजिनल वायरी काढून टाकल्या, इंडिकेटर दिला की पेट्रोलचा काटा नाचतो, दसऱ्याला पूजेसाठी गाडी मिळाली नाही, आणि तीन आठवड्यांनी बॅटरी उतरून घोटीजवळ घरच्यांसह अडकलात तेव्हा आम्ही फोन उचलला नाही.

आधी आमच्या चुका. बारा दिवस सांगून सव्वीस लावले. गणपतीनंतर हाताखालचा मुलगा गावी राहिला, पण तो तुमचा प्रश्न नव्हता. तेव्हाच फोन करून तारीख पुढे गेल्याचं सांगायला हवं होतं. दसऱ्याला दारात गाडी नसणं काय असतं ते कळतं, माझ्या वडिलांची पण फियाटच होती. घोटीच्या संध्याकाळी फोन टेबलावर आणि मी गाडीखाली होतो. रात्री मिस्ड कॉल बघून ‘सकाळी करू’ म्हणालो, ते चुकलंच.

काट्याची चूकही आमचीच. मीटरच्या अर्थिंगची वायर, म्हणजे करंट बॅटरीकडे परत नेणारी, बॉडीच्या ज्या पट्टीवर घेतली तिचा रंग नीट खरवडला गेला नाही. अर्थिंग कच्चं असलं की करंट परतीसाठी दुसरी वाट शोधतो, शेजारच्या बल्बमधून, काट्यातून, जिथून जमेल तिथून. म्हणून इंडिकेटरच्या तालावर काटा हलतो. टाकीतला फ्लोट बदला असं कुणी सांगितलं तर पैसे घालवू नका. गाडी आणा, पट्टी घासून वायरच्या टोकाला नवीन थिंबल (धातूची टोपी) लावून देतो, अर्ध्या तासाचं काम आहे. पैसे अर्थातच नाहीत.

आता वायरींबद्दल. ओरिजिनल एकही काढलेली नाही. तुमची पद्मिनी, म्हणजे जुनी फियाटच, 1978 ची. त्या गाडीत विजेचं असतं काय? हेडलाइट, मागचे दिवे, हॉर्न, वायपर, इंडिकेटर, मीटर. ना एसी, ना पॉवर विंडो. तरी डॅशबोर्डखाली हात घातला तर मुठीत न मावणारा जुडगा होता. जुन्या कॅसेट प्लेयरच्या वायरी, काढून टाकलेल्या फॉग लॅम्पच्या वायरी, कधीच्या तरी सायरनच्या, रिव्हर्स हॉर्नच्या. सगळ्या स्टार्टर स्विचच्या एकाच टोकावरून पीळ मारून घेतलेल्या, वर चिकटपट्टी, तीही उन्हाने सुटलेली. एका फ्यूजच्या जागी सिगारेटच्या पाकिटातली चांदी होती. ती मी तुम्हाला दाखवली होती, तुम्ही हसलात. मला हसू आलं नाही, कारण ती फ्यूजसारखी उडत नाही, तिच्याआधी वायर जळते.

प्रत्येक वायरचं दुसरं टोक सापडेपर्यंत एकही कापली नाही. टेस्ट लॅम्प आणि मल्टिमीटर घेऊन चार दिवस त्यातच गेले, बिलातली मजुरी बरीचशी त्याचीच आहे. पलीकडे काहीच जोडलेलं नव्हतं तीच काढली. भरली सव्वादोन किलो, डिकीत निळ्या पिशवीत बांधून ठेवली आहे. उघडून बघा.

‘नवीन काळा डबा कशाला’ असंही लिहिलंय. तो हेडलाइटच्या रिलेचा, म्हणजे डॅशबोर्डच्या स्विचचा नुसता इशारा घेऊन बॅटरीचा करंट थेट बल्बला देणाऱ्या स्विचचा. पूर्वी दोन बल्बचा मिळून नऊ अँपिअर करंट डॅशबोर्डच्या स्विचमधून फिरून पुढे जायचा. बॅटरीला 12.5 व्होल्ट आणि बल्बला पोचायचे 10.9. एवढ्याने प्रकाश जवळपास एक तृतीयांश कमी होतो. आता बल्बला 12.1 मिळतात आणि स्विच गरम होत नाही. कसारा घाटात पावसात रात्री उतरलात तर फरक कळेल. जुना फ्यूज बॉक्स घासून जागच्या जागी ठेवलाय, डबा दोन स्क्रूवर आहे, नको असेल तर निघतो.

राहिली बॅटरी. इथे मला थोडं स्पष्ट बोलावं लागेल. गाडी नेल्यावर तुम्ही डॅशबोर्डचे बल्ब काढून एलईडी टाकलेत, रिव्ह्यूतल्या फोटोत दिसतंय. तुमच्या गाडीला आधीच्या मालकाने बॅटरी चार्ज करणारा जुना डायनॅमो काढून त्याच कामाला आल्टरनेटर लावलाय. चार्जिंगचा तो लाल बल्ब नुसता दिवा नाही. त्याच्यातून जाणाऱ्या करंटने आल्टरनेटर जागा होतो. साध्या दोन वॅटच्या बल्बमधून दीडशे-पावणेदोनशे मिलिअँपिअर जातात, एलईडीतून जेमतेम वीस, आणि उलटी बसली तर शून्य. मग मुंबई नाक्याच्या सिग्नलला गाडी रेंगाळते तेव्हा चार्जिंग सुरूच होत नाही. हायवेला जोरात रेस दिली तर कधीकधी आपोआप उचलतं, म्हणून तीन आठवडे निभावलं. घोटीला हेडलाइट लागले आणि संपलं.

पण ‘त्या जागी एलईडी टाकू नका’ हे मी तुम्हाला सांगितलं नव्हतं. जुन्या गाडीवाल्यांना माहीत असतं असं धरून चाललो. आता डिलिव्हरीच्या कागदावर वायरिंगचा हाताने काढलेला नकाशा आणि ही सूचना, दोन्ही देतो. तुमचा कागद काढून ठेवलाय.

तोपर्यंत एवढं करा: त्या जागी परत साधा बल्ब बसवा. मग चावी फिरवली, इंजिन बंद आहे, तर लाल दिवा ठळक लागलाच पाहिजे. नाही लागला तर गाडी गावाबाहेर नेऊ नका. साधा बल्ब अंबडच्या कुठल्याही इलेक्ट्रिकलवाल्याकडे मिळेल.

टोईंगचे पैसे मी देणार नाही, ते एलईडीमुळे झालं. उशिराबद्दल मात्र मजुरीतले 2,000 परत करतो. गुरुवारी आमची सुट्टी, बाकी कुठल्याही सकाळी दहाच्या आत या. काटा तुमच्यासमोर इंडिकेटर लावून दाखवतो, मग स्टारचं काय करायचं ते तुम्ही ठरवा.