पुरुमेंताचा सल्ला, तोही भाड्याच्या खोलीला

गोव्यात चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, जवळ आली की फिरू लागणारा तो मेसेज यंदा वाड्यावरच्या महिला मंडळाच्या ग्रुपवरही आला. त्यात ज्यांची नालस्ती आहे, त्या बायकाही त्याच ग्रुपवर आहेत, एवढंही पाठवणाऱ्याला सुचलं नाही. म्हणणं असं: गरीब माणूस स्वतःच्या सवयींमुळे गरीब राहतो. सगळं पुडीपुडीने आणतो, आपल्या आज्यांसारखं पुरुमेंत करत नाही. हातात मोठा मोबाईल, गृह आधारचे (सरकार गृहिणींना देतं ते) पैसे दारूत, आणि वर चवथीला कर्ज.

पुरुमेंतापासूनच सुरुवात करू, कारण याच ओळीला सगळ्यात जास्त अंगठे पडलेत. पुरुमेंत म्हणजे पावसाळ्याची बेगमी: उकडे तांदूळ, मीठ, मिरच्या, सोलां (आमसुलं), चिंच, सुके बांगडे, सुकी सुंगटां (कोळंबी). हे सगळं मे महिन्यात एकदम भरायचं. आणि हातावर पोट असलेल्याची मिळकत गोव्यात आटते तीही नेमकी तेव्हाच. हॉटेलांचा हंगाम सरतो, बांधकामं थंडावतात, १ जून ते ३१ जुलै ट्रॉलर बंद म्हणून जेटीवरचं कामही जातं. पुढे काम नाही हे ठाऊक असताना चार महिन्यांचे पैसे एकरकमी काढा, असा हा सल्ला!

बरं, जमले पैसे. ठेवणार कुठे? मिरच्यांना तीन-चार कडक उन्हं लागतात, वाळत घालायला अंगण लागतं. आजीकडे माळा होता, बरण्या होत्या, आणि खाली दिवसभर चूल पेटलेली, तिच्या धगीने नि धुराने माळा भर पावसातही कोरडा राहायचा. पत्र्याच्या दहा बाय दहाच्या खोलीत जुलैत भिंतीला ओल येते. मिठाचं पाणी होतं, बांगड्याला बुरशी धरते, तांदळात टोके होतात. पैसेही गेले आणि जिन्नसही गेला.

शांपूचं उदाहरण तर कहर आहे. 'पुडी नको, बाटली घ्या, पैसे वाचवा.' एक रुपयाच्या पुडीत पाच-सहा मिली शांपू असतो, म्हणजे शंभर मिलीला सतरा ते वीस रुपये. आता तुमच्या न्हाणीघरातली बाटली उलटी करा, किंमत बघा, मिली बघा आणि भागाकार करा. बहुतेक वेळा बाटलीच महाग निघते.

तेल आणि गॅस सुटा घेतला तर महाग पडतो, हे मान्य. पण घरगुती जोडणीला १४.२ किलोच्या सिलिंडरची अनामत २,२०० रुपये, रेग्युलेटरची २५०. नळी, शेगडी आणि पहिला गॅस वेगळाच. उज्ज्वलात बसलात तर अनामत सुटते. नाही बसलात तर पत्त्याचा कागद हवा, आणि भाडेकरार लिहून देणारे घरमालक किती आहेत ते सगळ्यांना माहीत आहे. मग उरतो पाच किलोचा छोटू, बिनपत्त्याचा पण बाजारभावाने. त्याहून वाईट म्हणजे चोरून, नळी लावून किलोवर भरून घेतलेला गॅस: व्हॉल्व्ह नीट बसत नाही, आणि बंद खोलीत एक ठिणगी पुरते.

दारूची ओळ सगळ्यात विखारी. डेव्हिड इव्हान्स आणि ॲना पोपोव्हा यांनी २०१४ साली जागतिक बँकेसाठी रोख मदतीवरचे वेगवेगळ्या देशांतले १९ अभ्यास तपासले. दारू-तंबाखूवरचा खर्च वाढल्याचं जवळजवळ कुठेच दिसलं नाही, काही ठिकाणी तो घटला. गृह आधार तर २०१२पासून बाईच्याच नावावर आहे, आता महिन्याला दीड हजार. त्यासाठी गोव्यात १५ वर्षं वास्तव्य लागतं. 'बाहेरून येऊन आमचे पैसे पितात' असा टोमणा ज्यांना मारलाय, त्यांतल्या नव्यांना तो मिळतच नाही.

मोबाईल? केटरिंगवाला रात्री नऊला 'उद्या आठ बायका पाहिजेत' असा मेसेज टाकतो. आधी 'हो' म्हणणाऱ्या आठजणींना काम. बँकेचा ओटीपीही त्यावरच येतो. पुढे.

चवथीचं कर्ज फटाक्यांसाठी काढलं तर तो मूर्खपणाच, त्यात वाद नाही. पण नव्या लग्न झालेल्या लेकीच्या घरी वजें, म्हणजे माहेरची चवथीची भेट, गेलं नाही, तर त्याची चर्चा वर्षभर चालते, आणि त्या चर्चेत हाच ग्रुप सगळ्यांत पुढे असतो.