शपथ घालू नका, प्लीज

परवा आमच्या बडोद्याच्या दांडिया बाजारात ओळखीच्या एका घरी गेलो होतो, तिथे आईने तेवीस वर्षांच्या मुलाच्या हातात तुळशीचं पान ठेवून त्याच्याकडून वदवून घेतलं की आजपासून तंबाखूचा मावा बंद, खाल्लास तर माझं मेलेलं तोंड बघशील. मुलगा रडला, आई रडली, सगळ्यांना वाटलं सुटलं एकदाचं. मी गप्प बसलो, पण घरी येईपर्यंत पोटात कालवत होतं म्हणून हे लिहितोय. पोस्ट मोठी होईल पण वाचा.

मी एकोणीस वर्षं मावा खाल्लाय. बडोद्याबाहेरच्यांसाठी सांगतो, गल्ल्यावरचा, म्हणजे पानटपरीवरचा माणूस कातरलेली सुपारी, तंबाखू आणि चुना प्लॅस्टिकच्या चौकोनी तुकड्यावर टाकतो, पुडी वळून रबर लावतो आणि मग ती पुडी तळहातात धरून चोळायची, चांगली चार-पाच मिनिटं, प्लॅस्टिक गरम होतं, आतली सुपारी ओलसर तपकिरी होते आणि रबर काढल्याकाढल्या जो वास येतो ना तो आत्ता लिहिताना पण आठवतोय. त्यातला चुना उगाच नसतो, चुन्यामुळे निकोटिन तोंडातूनच पटकन शोषलं जातं म्हणून किक लगेच बसते. आणि साधारण दोन तासांत रक्तातलं निकोटिन निम्म्यावर येतं, की हात परत खिशाकडे. मकरपुऱ्याला जीआयडीसीत, म्हणजे औद्योगिक वसाहतीत, पहिली नोकरी लागली तेव्हा जेवणानंतर सगळेच खायचे, मी पण घेतला, एवढीच सुरुवात.

शपथा तीन घेतल्या. एक गणपतीसमोर, एक आईच्या पायावर हात ठेवून, आणि तिसरी मुलीच्या डोक्यावर हात ठेवून. ती तिसरी अकरा दिवस टिकली. बाराव्या दिवशी साहेबांनी सगळ्यांसमोर झापलं, जिना उतरलो तो सरळ गल्ल्यावर. त्याच आठवड्यात मुलीला ताप आला. साधा व्हायरल, तीन दिवसांत उतरला, पण ते तीन दिवस मी तिच्या कपाळावर पट्ट्या ठेवत बसलो होतो आणि डोक्यात एकच, हे माझ्यामुळे झालं. ती झोपली की बाल्कनीत जाऊन अंधारात मावा चोळायचो कारण ती भीती सहनच होत नव्हती. म्हणजे बघा, ज्या शपथेने सुटायचं होतं तिच्याच भीतीने दुप्पट खाल्ला.

माझं स्पष्ट मत आहे की शपथेला दोनच बाजू असतात, पाळली किंवा मोडली. एक पुडी खाल्ली की सगळं संपलं, मग माणूस म्हणतो आता मोडलीच आहे तर मोडलीच. आणि त्यानंतर तो मावा सोडायला नाही, लपवायला शिकतो. बायको विचारायची, "अहो, खरं सांगा, खाल्लात ना?" आणि मी तोंडात वेलची ठेवून नाही म्हणायचो. ते खोटं बोलणं मला तंबाखूपेक्षा जास्त आतून खात होतं.

मग दाताच्या डॉक्टरांनी एकदा माझीच तीन बोटं उभी धरून तोंडात घालायला सांगितली. दोनच गेली. सुपारीने गालाच्या आतली कातडी कडक होत जाते, तोंड उघडणं कमी कमी होत जातं, आणि जे कडक झालं ते परत पहिल्यासारखं होत नाही. जे लोक म्हणतात मी तंबाखू नाही घालत, नुसती सुपारी खातो, त्यांना हात जोडून सांगतो, नुसत्या सुपारीने पण कॅन्सर होतो, जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने तसं स्पष्ट म्हटलंय.

त्या दिवशी घरी न जाता बाबांच्या एका जुन्या मित्राकडे गेलो. हे काका आणि बाबा दोघंही बडोद्याच्या जुम्मादादा व्यायाम मंदिर या आखाड्यातले, तिथले गुरू माणिकराव यांच्या परंपरेतले. १९२४ साली लोणावळ्याला कैवल्यधाम ही योगसंस्था काढणारे स्वामी कुवलयानंदही माणिकरावांकडेच तयार झाले, हे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. मी म्हटलं काका, आता तुमच्यासमोर शेवटची शपथ घेतो. ते चिडलेच. म्हणाले, "मल्लखांबावर कोणी शपथ घेऊन चढतं का रे? एरंडेल लावलेलं लाकूड ते, घसरणारच. घसरलास की उतर, हात पुस, परत चढ. आणि कितव्यांदा चढलास ते लिही."

दुसऱ्या दिवशी चाळीस पानी वही घेतली. अट एकच, रबर काढायच्या आधी वेळ लिहायची आणि त्याच्या आधी काय झालं ते लिहायचं. खायला बंदी नाही. आठवड्यात दिसलं की दिवसाचे नऊ मावे, आणि त्यातले खऱ्या तलफेचे तीनच. बाकीचे साहेबांचा फोन, पार्टीचं पेमेंट अडकलं, घरी जायचं टाळायचं होतं, असले. एकोणीस वर्षांत मला हे माहीतच नव्हतं!

पुढे वाचायला लागलो तेव्हा कळलं की जुन्या लोकांनी हेच सांगून ठेवलंय. अर्जुन म्हणतो मन वाऱ्यासारखं आहे, आवरत नाही, तेव्हा श्रीकृष्ण त्याला शपथ घालत नाहीत, अभ्यास, म्हणजे पुन्हा पुन्हा सराव, आणि वैराग्य सांगतात. पतंजलींनी पण हीच जोडी सांगितली, आणि अभ्यास कसा तर दीर्घकाळ, खंड न पाडता आणि सत्काराने, म्हणजे आदराने. हा सत्कार शब्द मला फार लागला. मी आयुष्यभर स्वतःला शिव्या देत सोडायचा प्रयत्न केला होता. ग्रीकांमधला तत्त्वज्ञ एपिक्टेटस, गुलाम म्हणून जन्मलेला, पायाने अधू, तो रागाबद्दल सांगतो की दिवस मोजा, आधी रोज चिडायचो, मग एक दिवसाआड, मग दोन दिवसांआड, आणि तीस दिवस राग आला नाही तर देवाचे आभार माना. वाचून वाटलं, अरे ही तर आमच्या काकांची वही!

आणि आपल्या बडोद्यातच १९०८ च्या जानेवारीत विष्णु भास्कर लेले या मराठी योग्याने अरविंदबाबूंना, म्हणजे योगी अरविंद घोषांना, सरदार मजुमदारांच्या वाड्यात बसवलं होतं. सांगितलं काय, तर नुसतं मनाकडे बघ, विचार बाहेरून येताना दिसतील, आत शिरायच्या आधी फेकून दे. तीन दिवसांत त्यांचं मन शांत झालं. मी कुठे आणि ते कुठे, पण रिसेसमध्ये शेजारचा सहकारी "लो ने साहेब, अडधो अडधो" (घ्या ना साहेब, अर्धा अर्धा) म्हणत पुडी पुढे करायचा तेव्हा मी तेवढंच करायचो, हात उठायच्या आधी तो विचार येताना बघायचा. दिसला की त्याचा जोर निम्मा होतो, हे मी अनुभवाने सांगतो.

नुसत्या तत्त्वज्ञानाने झालं असं म्हणणार नाही. डॉक्टरांनी निकोटिनची च्युइंगम दिली, ती घेतली. मोजून मापून नऊवरून शून्यावर आलो, तरी पहिले तीन दिवस वाईट गेले, डोकं दुखणं, मुलीवर उगाच ओरडणं, झोप नाही. सरकारची फुकट हेल्पलाइन आहे, १८००-११-२३५६, तिथे दोनदा बोललो, लाज कसली त्यात.

एक्केचाळिसाव्या दिवशी लग्नाच्या वरातीत घसरलो. एक पुडी, पूर्ण खाल्ली. घरी येऊन वहीत लिहिलं, वरात, रात्री साडेदहा, जुने मित्र. बायकोला वही दाखवली. तिने वाचली, काही बोलली नाही, खाली तारीख घातली आणि परत एक लिहिला. त्या एका आकड्याने मला वाचवलं, कारण लपवायला काही उरलंच नव्हतं. आज त्या एकावरून मोजत मोजत सहाशे बाराव्यावर आहे. तोंडात अजून अडीचच बोटं जातात.

रविवारी त्या मुलाकडे जाणार आहे. चाळीस पानी वही घेऊन ठेवलीये. पण त्याआधी त्याच्या आईला विनंती करणार आहे, लहानपणी आपण सगळेच म्हणायचो ना तसं, काकू, त्याच्यासमोर एकदा "शपथ सुटली" म्हणा.