एकोणीस अंगठे

सकाळी सकाळी डोकं फिरलं. आमच्या भाऊबंदांच्या ग्रुपवर भाच्याने मालवणच्या जेट्टीवरून व्हिडिओ टाकलाय. "आठशे किलोमीटर गाडी हाणत आलो, आगाऊ पैसे भरले, आणि हा माणूस म्हणतो आज स्कुबा नाही!" समोर तो बोटवाला, लोकांना हवेची टाकी बांधून समुद्राखाली नेणारा. हाफ चड्डी, हातात दोरी, मान खाली. एक शब्द बोलत नाही. आणि त्याच्यामागे पाणी दिसतंय, उसाच्या रसासारखं. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या तटावर लाटा फुटताहेत, पांढऱ्या शुभ्र. ग्रुपवर कोणाला त्या दिसल्याच नाहीत का?

व्हिडिओखाली लिहिलंय, "सगळ्यांनी एक स्टार द्या रे." आणि खाली एकोणीस अंगठे. एकोणीस, भो! त्यात दोन मास्तर आहेत. आणि एक पाटबंधाऱ्यातून रिटायर झालेले आपले काका, ज्यांची निम्मी नोकरी तापीवरच्या हतनूर धरणाचे दरवाजे उघडताना नदीकाठच्या गावांना "पाण्यात उतरू नका" सांगण्यात गेली. काका, तुम्हीसुद्धा?

मला राग जास्त येतोय कारण हाच तमाशा मी स्वतः केलाय. २०१६ चा मे. जळगाव भट्टीसारखं तापलेलं, पोरांना सुट्ट्या, गाडीत दहा माणसं आणि डबाभर दशम्या. रात्रभर प्रवास करून मालवणला पोचलो, तर बोटवाला म्हणाला, "आज नाय जमाचा." मी तावातावाने आभाळाकडे बोट दाखवलं. ऊन पडलंय, ढगाचं नाव नाही, वादळ कुठाय तुमचं? पोरं बघत होती ना, मग आवाज अजून चढला.

तो शांतपणे दोरी गुंडाळत राहिला. मग विचारलं, "तुम्ही तापीकडचे ना? तुमच्याकडे आभाळ कोरडं असताना पूर येत नाही का?"

बसलो गप. काय बोलणार? रावेर तालुक्यात जन्म माझा. आमच्या बापाने म्हशी नदीवर नेण्याआधी कधी आभाळ पाहिलं नाही, पाणी पाहिलं. पाण्यावर काडीकचरा आणि फेस आला, रंग चहासारखा झाला, की म्हशी माघारी. गावात थेंब नसायचा. पाऊस पडलेला असायचा वर बऱ्हाणपूरला, बैतूलला. दर्याचंही तेच. वारा लांब कुठेतरी भर समुद्रात सुटलेला असतो आणि त्याच्या लाटा पावसाच्या आधी येऊन किनाऱ्याला भिडतात. तळाची वाळू ढवळून काढतात. अशा पाण्यात खाली गेलं तर पुढे धरलेला हात दिसत नाही, आणि लाट उचलून खडकावर आपटते ते वेगळंच.

एवढं काही अवघड नाहीये हे. नैऋत्य मान्सून जून ते सप्टेंबर, तेव्हा सगळं बंदच. मेच्या अखेरीसच जलक्रीडा थांबवतात, १ जून ते ३१ जुलै मासेमारीलाही बंदी. पाऊस सरला तरी खाड्यांमधून आलेला गाळ खाली बसायला वेळ लागतो. पाणी खरं निवळतं नोव्हेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत. तेव्हासुद्धा सकाळ चांगली, दुपारी वारा सुटतो, आणि अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला पुन्हा गढूळ. म्हणजे बघा, आपल्या भरताच्या वांग्याचा मोसम तोच स्कुबाचा मोसम! मेमध्ये बामणोदचं हिरवं वांगं कोणी मागितलं तर आपण त्याला येड्यात काढतो. तिथे मात्र "पैसे भरलेत" म्हणून भांडतो.

हो, माहितेय. सुट्ट्या मेमध्येच असतात, पोरांच्या शाळा आपण ठरवत नाही. आणि तिथेही लुटणारे आहेत, गळ्याएवढ्या पाण्यात डोकं बुडवून फोटो काढून देणारे. ते मान्य. पण नाही म्हणणारा माणूस लुटारू कसा झाला रे? त्या दिवशी त्याने माझे पैसे परत दिले, डिझेलचेसुद्धा कापले नाहीत. आमच्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी मात्र जेट्टीवर बसून आमच्याबरोबर खाल्ली. शिव्या मी घातल्या आणि वर चटणीचं कौतुक त्याने केलं.

डिसेंबरात पुन्हा गेलो. या वेळी बायको आणि मी दोघंच, सोबत पाच किलो वांगी त्याच्यासाठी. (त्याच्या घरी त्या भरतात सुकट घातली. पाप आहे, पण खाल्लं.) सकाळी आठला उतरलो. आपल्या विहिरीच्या भाषेत चार परस खोल, म्हणजे चार माणसं एकावर एक उभी राहतील एवढं. कानात कळ आली, शिकवल्याप्रमाणे नाक दाबून हवा फुंकली, कान मोकळे. श्वास रोखायचा नाही, एवढंच घोकत होतो. आणि मग खालचं दिसायला लागलं. खडकावर प्रवाळ, फुलकोबीच्या गड्ड्यासारखं. काळ्या पट्ट्यांचे मासे अगदी नाकासमोर. एक हिरवानिळा पोपटमासा खडक कुरतडत होता आणि त्याचा आवाज येत होता, कोणी शेजारच्या खोलीत खडीसाखर फोडतंय तसा. पाण्याखाली आवाज येतो हे मला कोणी सांगितलंच नव्हतं.

मी खुशीत येऊन सोबत उतरलेल्या त्या गाईड पोराला अंगठा दाखवला. त्याने लगेच मला धरून वर आणलं! पाण्याखाली अंगठा म्हणजे "मला वर घ्या". ठीक आहे म्हणायला अंगठा आणि तर्जनीचं गोल करायचं असतं. हेही सांगितलं होतं, मी ऐकलं नव्हतं. मग पुन्हा खाली नेलं बिचाऱ्याने.

तो भाग १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. तरी लोक ब्रेड टाकून मासे गोळा करतात, प्रवाळावर उभे राहून फोटो काढतात. ते वर्षभरात बोटाच्या पेराएवढंही वाढत नाही आणि आपला पाय पडला की संपलं. गढूळ पाण्यात तर पाय कुठे पडतोय हेही कळत नाही. या एका कारणासाठीसुद्धा त्याचं "नाय जमाचा" मला पटतं. आता पटतं. त्या दिवशी नव्हतं पटलं.

लिहिता लिहिता राग थोडा उतरलाय. भाचेबुवा, तू वाईट पोरगा नाहीस. गरम डोकं मामाकडून आलंय तुझ्याकडे, त्याला तुझा काय इलाज. पण तो व्हिडिओ काढून टाक. त्या माणसाचा चेहरा त्यात स्पष्ट दिसतोय. त्याची पोरंही मोबाइल बघत असतील.

आणि काका, तो अंगठा मागे घ्या आधी. नाहीतर कोणीतरी खरंच तुम्हाला वर घेईल.

भाच्या, अजून जेट्टीवरच असशील तर त्याला चहा पाज. दशम्या उरल्या असतील तर त्याही काढ. चटणी दिली आहे ना ताईने?