गरोदर बाईला बीजगणित द्या, असं तोरात कुठेही लिहिलेलं नाही

परवा रात्री धाकट्या बहिणीकडे गेले, तर ती पलंगावर उशीला टेकून दहावीचं बीजगणित सोडवत बसली होती. सातवा महिना, पाय सुजलेले, डॉक्टरांनी विश्रांती घ्यायला बजावलेलं, आणि हिच्या हातात शिसपेन्सिल. "ताई, बाळाचा मेंदू आत्ताच घडतो ना," म्हणाली. दोन गणितं चुकली म्हणून डोळे भरून आले होते तिचे.

सासरच्या ग्रुपवर आलेला मेसेज तिने दाखवला. तुमच्याकडेही फिरला असेल. ज्यू बायका गरोदरपणात रोज गणितं सोडवतात, पियानो वाजवतात, बदाम-खजूर खातात. मासे आणि मटण एकत्र खात नाहीत. इस्रायलमध्ये कुणी सिगारेट ओढत नाही. हे सगळं त्यांच्या तोरा या धर्मग्रंथात सांगितलंय, मुलं दिवसभर तोराच शिकतात, म्हणून एवढे शास्त्रज्ञ आणि एवढी नोबेल. खाली ताकीद: प्रत्येक गर्भवतीपर्यंत पोहोचवा.

आधी गणिताचंच घेते, कारण त्रास त्याचाच झालाय. तोरा म्हणजे मोशेची पाच पुस्तकं. त्यात ६१३ आज्ञा आहेत असं परंपरा मानते, २४८ करण्याच्या आणि ३६५ न करण्याच्या. पोटुशी बाईने गणितं सोडवावीत, अशी त्यात एकही नाही. पण गरोदर बाई ज्यूंच्या धर्मशास्त्रात येते, आणि कशी येते ते बघा. इ.स. २०० च्या सुमारास संकलित झालेल्या मिश्ना या ज्यूंच्या धर्मनियमांच्या ग्रंथात 'योमा' नावाचा भाग आहे, योम किप्पूरच्या उपासाविषयी. वर्षातला सगळ्यांत कडक उपास हा, सुमारे २५ तास पाण्याचा थेंबसुद्धा घ्यायचा नाही. त्याच्या आठव्या अध्यायात सांगितलंय, की गर्भवतीला अन्नाचा वास आला आणि इच्छा झाली, तर तिच्या जिवात जीव येईपर्यंत तिला खाऊ घालावं. आपण ज्यांना डोहाळे म्हणतो, तेच हे. मिश्नावरच्या चर्चेचा ग्रंथ, तालमुद, तर आणखी पुढे जातो. तिला डुकराच्या मांसाचा वास येऊन जीव कासावीस झाला, तरी आधी काडी रश्श्यात बुडवून तिच्या ओठांना लावा, तेवढ्याने भागलं नाही तर रस्सा द्या, तरीही नाही तर ते मांसच द्या. डुकराचं मांस, ज्यूंच्या घरात! कारण जीव वाचवायचा असेल तर जवळपास सगळे नियम बाजूला ठेवता येतात. अशा परंपरेच्या नावावर सुजल्या पायांच्या बाईला समीकरणं सोडवायला लावता?

सिगारेटचं एका ओळीत. इस्रायलमध्ये साधारण पाचातला एक प्रौढ माणूस सिगारेट ओढतो.

मासे-मटणाचं खरं आहे, मान्य करावंच लागेल. एकाच ताटात ते न मिसळण्याची चाल कर्मठ घरांत आहे. पण तिचा बुद्धीशी काडीचा संबंध नाही, ते आरोग्याला अपायकारक असं जुने धर्मशास्त्री मानत.

राहिलं नोबेल. लोकसंख्येच्या मानाने ज्यूंचा वाटा खरंच खूप मोठा आहे, आणि सहा-सात वर्षांच्या मुलांसाठी गावोगाव शिक्षक नेमण्याची आठवण तालमुदात आहे, तेव्हा शिकण्याची ओढ जुनी आहे हेही खरं. पण आइन्स्टाईन कर्मठ नव्हते. आणि आजच्या इस्रायलमध्ये हरेदी, म्हणजे अतिकर्मठ ज्यू, पुरुषांतले जवळपास निम्मे नोकरी-धंदा करत नाहीत, त्यांच्यातले बरेच दिवसभर खरोखर तोरा-तालमुद शिकतात. त्यांच्या मुलांच्या अनेक शाळांत गणित आणि इंग्रजी नीट शिकवत नाहीत म्हणून तिथे वर्षानुवर्षं वाद चालू आहे. ते शिकतात ते बक्षिसासाठी नव्हे, शिकणं हीच त्यांची उपासना आहे. दोघं समोरासमोर बसून एका ओळीवर मोठमोठ्याने वाद घालतात. वर्षभरात तोराचं पारायण संपतं, त्याच दिवशी पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरू होतं. पाठ्यपुस्तक असं कुणी वाचतं का?

आम्ही अलिबागला वाढलो. तिथल्या इस्रायल आळीतल्या एक आजी आम्हाला मलिदा द्यायच्या, पोहे, ओलं खोबरं, साखर कालवून, एलियाहू हन्नबी या प्रेषिताच्या नावाने केलेला. घरात शिरताना चौकटीवरच्या मेझुझाला, म्हणजे तोरातली वचनं ठेवलेल्या छोट्या डबीला, बोटं लावून ओठांशी न्यायच्या. त्यांच्या पूर्वजांना, कोकणातल्या बेने इस्रायली ज्यूंना, 'शनिवार तेली' म्हणत, कारण शनिवारी, ज्यूंच्या विश्रांतीच्या दिवशी, त्यांचा घाणा बंद असे. पिढ्यान्‌पिढ्या त्यांच्याकडे हिब्रू ग्रंथ नव्हते. तोरा शिकायची सोयच नव्हती. तरी शनिवार पाळला, मुलांची सुंता केली, खवल्यांचाच मासा खाल्ला, आणि 'शमा' ही प्रार्थना म्हणत राहिले. आजी मराठी दुसरी शिकलेल्या. त्यांना कुणी बीजगणित विचारलं नव्हतं.

मिश्नातलं ते वाक्य मी सासरच्या ग्रुपवर टाकलंय, पाठवणाऱ्या काकांना फोनही केलाय. बीजगणिताचं पुस्तक कपाटावर ठेवलं. मग बहिणीला विचारलं, काय खावंसं वाटतंय? दुपारपासून शेजारून घावनांचा वास येत होता म्हणाली. तांदळाचं पीठ घरात होतंच, नारळ खालून आणला.